थर्सायटीसच्या पाठीवरचा वळ

दोस्तहो, ग्रीकांचं नाव निघालं की आपल्याकडच्या साहित्याच्या ठेकेदारांचा आवाज एकदम मऊ होतो. डोळे अर्धे मिटतात. भव्य, शोकात्म, प्रमाणबद्ध असले शब्द तोंडातून ओघळायला लागतात. पांढरेशुभ्र खांब, पांढरेशुभ्र पुतळे, पांढऱ्या झग्यातले तत्त्वज्ञ. जगाला विचार करायला शिकवणारी माणसं म्हणे. आपण ऐकायचं नि मान डोलवायची.

आम्ही मान डोलवणार नाही. आमचा सवाल साधा आहे. हे खांब उचलले कुणी? तत्त्वज्ञ दिवसभर गप्पा हाणत बसले तेव्हा त्यांच्या घरचं दळण दळलं कुणी? ज्या चांदीच्या नाण्यांवर अथीनाचं घुबड छापलं ती चांदी जमिनीच्या पोटातून काढली कुणी?

एक गोष्ट आधीच सांगून टाकू, म्हणजे मागाहून कुणी बोंब मारायला नको. आमचं भांडण ग्रीकांशी नाही, त्यांच्या भाटांशी आहे. होमर आम्हाला पाहिजे. युरिपिडीस तर पाहिजेच पाहिजे. पण वाचायचा तर सगळा वाचायचा. भाटांनी गाळलेल्या पानांसकट.

०००

इलियडचा दुसरा सर्ग काढा. ट्रॉयला वेढा घालून नऊ वर्षं झालीत. जहाजांची लाकडं कुजलीत, दोर झिजलेत. सरसेनापती ॲगॅमेम्नॉन फौजेची परीक्षा घ्यायला म्हणतो, चला घरी. तर काय, सगळी फौज धूळ उडवत जहाजांकडे पळत सुटते! मग ओडिसियस राजदंड हातात घेऊन धावतो. वाटेत सरदार भेटला की त्याला गोड शब्दांत समजावतो. साधा शिपाई ओरडताना दिसला की त्याच राजदंडानं हाणतो आणि म्हणतो, गप बस, तुला कोण विचारतो. हे आम्ही रचलेलं नाही. होमरनंच लिहिलंय.

सगळे गुमान खाली बसतात. एकटा बोलत राहतो. त्याचं नाव थर्सायटीस.

होमर त्याचं वर्णन कसं करतो बघा. ट्रॉयला आलेल्या सगळ्यांत कुरूप माणूस. पाय फेंगडे, एका पायानं लंगडा, खांदे छातीवर वाकलेले, डोकं वर निमुळतं, त्यावर चार केस. फालतूतल्या फालतू वीराचा बाप, आजा, गाव, घोडा सांगत बसणारा होमर ह्या माणसाच्या बापाचं नाव सांगत नाही. गावाचंही नाही.

आणि हा बिनबापाचा, बिनगावाचा माणूस बोलतो काय? ॲगॅमेम्नॉनला तोंडावर विचारतो, तुझे तंबू काशानं भरलेत, बायकांनी भरलेत, शहर जिंकलं की पहिला वाटा आम्हीच तुला आणून देतो, तुला अजून काय पाहिजे? मग फौजेकडे वळून म्हणतो, चला रे घरी. ह्याला इथंच बसू द्या त्याच्या लुटीवर. कळू दे त्याला आपला काही उपयोग होतो की नाही ते.

दोस्तहो, हा संपाचा पुकारा आहे. अडीच हजार वर्षांहून जुना.

आता गंमत बघा. हेच सगळं पहिल्या सर्गात अकिलीस बोलून बसलाय. लढतो मी, मोठा वाटा नेतोस तू, मी चाललो घरी. शब्दांत फरक असेल, मुद्दा तोच. अकिलीसनं रागात तलवारीला हात घातला तर त्याचे केस धरून त्याला आवरायला साक्षात अथीना आभाळातून खाली येते. त्याची देवी आई समुद्रातून वर येऊन त्याचं गाऱ्हाणं झ्यूसपाशी नेते. त्याच्या रागावर अख्खं महाकाव्य उभं राहतं. थर्सायटीसला काय मिळतं? ओडिसियस त्याच्या पाठीत सोन्याचा राजदंड घालतो. पाठीवर रक्ताळलेला वळ उठतो. तो मटकन खाली बसतो, डोळे पुसतो.

आणि फौज हसते. ओडिसियसनं आजवर केलेल्या कामांत हे सगळ्यात झकास काम, असं एकमेकांना सांगते. हसणारे कोण? ज्यांच्यासाठी तो बोलला तेच. घटकाभरापूर्वी ज्यांनी त्याच दंडाचे फटके खाल्ले तेच. मालकाचा फटका दुसऱ्याच्या पाठीवर पडला की आपल्या पाठीची आग कमी झाल्यासारखी वाटते, हे होमरला पक्कं ठाऊक होतं. त्याला झाकता आलं असतं. झाकलं नाही. म्हणून तो मोठा. भाट मात्र हा प्रसंग विनोदी म्हणून सांगतात आणि पान उलटतात.

थर्सायटीसचं पुढं काय झालं? इलियडनंतरच्या कथा सांगणाऱ्या एका महाकाव्यात अकिलीसनं त्याला जिवे मारलं. कारण काय, तर तो अकिलीसला टोचून बोलला. संपला विषय.

०००

लंगडा हा शब्द लक्षात ठेवा. होमर तोच शब्द एका देवासाठी वापरतो. हेफेस्टस. देवांचा लोहार.

ऑलिंपसवरचे बाकीचे देव काय करतात? खातात, पितात, बायांच्या मागं लागतात, माणसांच्या लढाया लावून देतात. हाताला घट्टे पडेस्तोवर काम करणारा त्यांच्यात एकच, हा लोहार. देवांचे महाल त्यानं बांधले. अकिलीसची ढाल त्यानं घडवली, जिच्यावर शेतं आहेत, कापणी करणारे मजूर आहेत, नाचणारी पोरंपोरी आहेत, अख्खं जग आहे. आणि ह्या देवाचा मान काय? लंगडा म्हणून आईनं आभाळातून फेकून दिला. दुसऱ्या एका गोष्टीत बापानं फेकला, तो दिवसभर पडत पडत लेम्नॉस बेटावर आदळला. पहिल्या सर्गात तो देवांना अमृत वाढायला धापा टाकत फिरतो, तर सगळे देव त्याच्याकडे बघून खो खो हसतात. हसू थांबता थांबत नाही.

पहिल्या सर्गात देव लंगड्या कारागिराला हसतात. दुसऱ्या सर्गात माणसं लंगड्या बंडखोराला हसतात. आभाळ आणि जमीन यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. राबणाऱ्याचं शरीर हसण्यासारखं असतं, असं ते एकमत.

ओडिसीत तर हसूही उरत नाही. वीस वर्षांनी घरी आलेला ओडिसियस बायकोच्या मागं लागलेल्या पाहुण्यांना ठार करतो. मग म्हातारी दाई सांगते, घरात पन्नास दासी आहेत, त्यातल्या बारा पाहुण्यांबरोबर झोपल्या. त्या बाराजणींना आधी मढी बाहेर ओढायला लावतात, रक्तानं माखलेली मेजं धुवायला लावतात. काम करून घेतल्याशिवाय मारायचं नाही, मालकाचा हिशेब पक्का. मग टेलेमॅकस, ओडिसियसचा पोरगा, जहाजाचा दोर बांधतो आणि सगळ्यांना एका रांगेत फास लावतो. तलवारीचं स्वच्छ मरण ह्यांना द्यायचं नाही, असं तो मुद्दाम बोलून दाखवतो. त्यांचे पाय थोडा वेळ तडफडतात. फार वेळ नाही.

दासीनं पाहुण्याला नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, हा सवाल कुणी विचारत नाही. ओडिसियस स्वतः कॅलिप्सोकडे सात वर्षं, सर्सीकडे एक वर्ष राहून आला, त्याचा हिशेब कोण मागणार?

०००

इथं भाट हात वर करतात. 'अहो, त्या काळी तसंच होतं. आजच्या मापानं कालची माणसं मोजू नका.'

ठीक आहे. त्यांच्याच मापानं मोजू.

ॲरिस्टॉटल. राज्यशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात तो गुलामाला जिवंत हत्यार म्हणतो. काही माणसं निसर्गानंच गुलाम असतात, असं म्हणतो. स्वतंत्र माणसाचं शरीर ताठ आणि गुलामाचं कष्टाला मजबूत घडवावं, अशी निसर्गाची इच्छा असते म्हणे. पण लगेच कबूलही करतो की पुष्कळदा उलटंच होतं. मग निसर्ग चुकला की ॲरिस्टॉटल? त्यानं निसर्गाला चूक ठरवलं आणि सिद्धांत तसाच ठेवला. एवढ्या मोठ्या मेंदूला एवढी मोठी भेग पडते, तेव्हा समजायचं की तिथं कुणाचं तरी पोट गुंतलंय.

आणि हाच ॲरिस्टॉटल त्याच ग्रंथात लिहून ठेवतो की काहींच्या मते गुलामी निसर्गाविरुद्ध आहे, ती फक्त माणसाच्या कायद्यानं आणि बळजबरीनं टिकते. म्हणजे त्या काळात असं म्हणणारी माणसं होती! त्यातला एक नावानिशी माहीत आहे, अल्किडामस. देवानं सगळ्यांना मोकळं सोडलं, निसर्गानं कुणाला गुलाम केलं नाही, असं तो म्हणाला. त्याचं ते भाषण हरवलं. ॲरिस्टॉटलवर टीपा लिहिणाऱ्या कुणीतरी त्यातलं एक वाक्य टिपून ठेवलं, म्हणून तेवढं वाचलं. 'त्या काळी तसंच होतं' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. त्या काळी दोन्ही होतं. तुम्ही एकच बाजू उचललीत.

तिसरी साक्ष युरिपिडीसची. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सनं मीलॉस बेटाला वेढा घातला. त्या बेटाचा गुन्हा एवढाच की त्याला अथेन्सच्या टाचेखाली यायचं नव्हतं. बेट पडलं, तेव्हा हाती लागलेले पुरुष मारले, बायकापोरं गुलाम म्हणून विकली. पुढच्याच वर्षी, ४१५ मध्ये, युरिपिडीसनं त्याच अथेन्सच्या रंगभूमीवर 'ट्रोजन विमेन' आणलं. जिंकलेल्या ग्रीकांच्या नाटकात सगळा आक्रोश हरलेल्या, वाटून घेतल्या जाणाऱ्या बायकांचा. प्रेक्षकांत बसलेल्या किती जणांच्या हातांवर मीलॉसचं रक्त असेल! पहिलं बक्षीस दुसऱ्याला गेलं. ज्याला गेलं त्याचं एकही नाटक आज उरलेलं नाही.

०००

आता खांबांकडे येऊ.

पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात उभं राहिलं. पैसा कुठला? इराणशी लढण्यासाठी ग्रीक नगरांनी एक संघ केला होता, त्याची तिजोरी डेलॉस बेटावर असायची. ४५४ मध्ये ती उचलून अथेन्सला आणली. दोस्तांची वर्गणी हळूहळू खंडणी झाली. अथेन्सच्या सभेतच पेरिक्लीसच्या विरोधकांनी त्यावरून ओरड केल्याचं प्लुटार्क सांगतो. म्हणजे हा आरोपही आमचा नव्हे.

त्याच्या खालची चांदी लॉरिअनची. अथेन्सच्या दक्षिणेच्या खाणी. तिथले बोगदे आजही आहेत, त्यातल्या कित्येकांत माणसाला ताठ उभं राहता येत नाही. आत राबणारे बहुतेक गुलाम. अथेन्सचा बडा सेनापती निकिअस, भला आणि देवभोळा म्हणून नावाजलेला. त्याचे एक हजार गुलाम खाणीत भाड्यानं लावलेले होते, माणशी रोज एक ओबोल भाडं. मेला तर त्याजागी दुसरा देऊन हजाराचा आकडा कायम ठेवायचा. हे झेनोफन लिहितो, आणि तक्रार म्हणून लिहीत नाही. राज्यानंही असाच धंदा करावा, असं सुचवण्यासाठी लिहितो. ४८३ च्या सुमारास ह्याच खाणीत मोठी चांदी लागली, तिच्यातून लढाऊ जहाजं बांधली, ती जहाजं ४८० मध्ये सॅलॅमिसला जिंकली. ज्याला ग्रीकांच्या स्वातंत्र्याची लढाई म्हणतात ती बोगद्यात वाकलेल्या माणसांच्या पाठीवरून लढली गेली.

आक्रोपोलिसवर पार्थेनॉनच्या शेजारी इरेक्थिअन नावाचं देऊळ आहे. खांबांच्या जागी उभ्या असलेल्या बायांच्या पुतळ्यांमुळं प्रसिद्ध. त्याच्या बांधकामाचे इ.स.पू. ४०९ ते ४०७ च्या आसपासचे हिशेब दगडावर कोरलेले सापडलेत. ज्यांचा दर्जा ओळखता येतो अशा ८६ कामगारांत नागरिक २४, परदेशी रहिवासी ४२, गुलाम २०. खांबांवरच्या उभ्या पन्हाळ्या कोरायला सिमिअस नावाचा एक परदेशी कारागीर होता आणि त्याच्याबरोबर त्याचे गुलाम. सॅनिअन, एपिएकीस, सोसँड्रॉस. रोजचा दर सर्वांना सारखा, एक द्राख्मा. वास्तुविशारदालाही तेवढाच! म्हणजे छिन्नीला ठाऊक होतं की गुलामाचा हात आणि नागरिकाचा हात एकाच तोलाचा. फरक संध्याकाळी पडायचा. गुलामाच्या मजुरीवर हक्क मालकाचा.

आजही माणसं विमानानं जाऊन त्या खांबांपुढं फोटो काढतात. सॅनिअनचं नाव कुणी घेतं?

आणि तो पांढरा रंग! तोही खोटा. ग्रीक पुतळे रंगवलेले असायचे. तांबडे, निळे, पिवळे, काळ्या बुबुळांचे, रंगीत काठांच्या वस्त्रांचे. मातीत आणि पावसात रंग गेला. मग १७६४ मध्ये विंकेलमान नावाच्या जर्मन पंडितानं ग्रीक कलेचा इतिहास लिहिला आणि शरीर जितकं पांढरं तितकं सुंदर, असं सांगितलं. युरोपला ते सोयीचंच होतं. एल्गिननं पार्थेनॉनची शिल्पं उखडून लंडनला नेली, १८१६ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमकडे गेली. १९३७-३८ मध्ये त्याच म्युझियममध्ये ती तांब्याच्या हत्यारांनी खरवडली, अजून पांढरी दिसावीत म्हणून. इतिहास खरवडणं म्हणजे काय ह्याचं ह्याहून नागडं उदाहरण आम्हाला माहीत नाही. आधी राबणाऱ्याचं नाव पुसलं, मग रंग पुसला. उरलेल्या पांढऱ्या दगडाला म्हणायचं, शुद्ध सौंदर्य!

०००

प्लेटोला सोडून चालणार नाही. आदर्श राज्य चालवायला तो एक 'उदात्त खोटं' सुचवतो. लोकांना सांगायचं, देवानं काहींच्या आत्म्यात सोनं मिसळलं, ते राज्य करणार. काहींच्यात चांदी, ते रक्षण करणार. बाकीच्यांत लोखंड आणि कासं, ते शेती आणि कारागिरी करणार.

ओळखीचं वाटतं ना? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये चातुर्वर्ण्याचं आणि प्लेटोचं हे जवळचं नातं नेमकं पकडलं. माणसांचे ठरावीक कप्पे पाडणारा प्लेटो माणूस वरवर बघत होता, प्रत्येक माणूस दुसऱ्यापेक्षा वेगळा असतो हे त्याला दिसलंच नाही, हा त्यांचा आक्षेप. एक फरक मात्र नोंदवू. सोन्याच्या पोटी लोखंड निपजलं तर खाली ढकला, लोखंडाच्या पोटी सोनं निपजलं तर वर घ्या, एवढी तरी सोय प्लेटोनं ठेवली. आणि आपण सांगतोय ते खोटं आहे, हेही लिहून ठेवलं. आपल्याकडच्या स्मृतिकारांना तेवढीही लाज नव्हती.

०००

मग काय, ते गुमान राबत राहिले? बिलकूल नाही.

इ.स.पू. ४१३ मध्ये स्पार्टाच्या फौजेनं अथेन्सच्या उंबऱ्यावर डिकिलिआला तळ ठोकला. पळायला वाट मिळाली आणि वीस हजारांहून जास्त गुलाम अथेन्स सोडून निघाले. थ्युसिडिडीस म्हणतो, त्यातले बरेचसे हस्तकारागीर. कुणाचा सिद्धांत वाचून निघाले नाहीत. पायांनी मतदान केलं. निसर्गानंच गुलाम असलेली माणसं दार उघडं दिसताच पळत कशी सुटली, ह्याचं उत्तर पुढं पाऊणशे वर्षांनी लिहिणाऱ्या ॲरिस्टॉटलनं दिलेलं नाही.

स्पार्टा तर आणखी पुढचं. तिथल्या हेलॉटांवर राज्याचे अधिकारी दरवर्षी रीतसर युद्ध पुकारायचे, म्हणजे त्यांना मारलं तर पाप लागत नाही. एकदा स्पार्टानं सांगितलं, लढाईत ज्यांनी पराक्रम केला त्यांनी पुढं या, मोकळं करतो. दोन हजार निवडले. त्यांनी डोक्याला हार घातले, देवळांभोवती फिरले. आणि नंतर ते कुणालाच दिसले नाहीत. कोण कसा मेला, कुणाला कळलं नाही. जे आपण होऊन पुढं येतात तेच उद्या उठतील, हा हिशेब. तरी हेलॉट उठलेच. ४६४ च्या भूकंपानंतर इथोमी डोंगरावर वर्षानुवर्षं लढले. ३७१ मध्ये थीब्सनं स्पार्टाचं कंबरडं मोडलं आणि ३६९ मध्ये मेसिनियाच्या हेलॉटांचं स्वतःचं शहर उभं राहिलं. अल्किडामसचं ते वाक्य ह्याच मेसिनियाच्या बाजूनं केलेल्या भाषणातलं.

आणि इसाप! शाळेत कोल्हा आणि द्राक्षं पाठ करताना आपल्याला कुणी सांगितलं का की तो गुलाम होता? हिरोडोटस सांगतो, सामॉस बेटावरच्या इआडमॉनचा गुलाम. डेल्फीच्या लोकांनी त्याला मारलं. पुढं त्या खुनाची भरपाई द्यायची ठरली, तर ती घ्यायला पुढं आला कोण? मालकाचा नातू. गुलामाच्या मरणावरही मालकाच्या घराण्याची मालकी. पण गोष्टी कुणाला विकत घेता आल्या नाहीत. लांडगा आणि कोकरू ही गोष्ट बघा. कोकरू प्रत्येक आरोपाला चोख उत्तर देतं, तरी लांडगा त्याला खातोच. गोष्टीत नीती शोधणाऱ्यांनी शोधावी. राबणाऱ्याला त्यात कोर्टकचेरी दिसते.

इ.स.पू. सहाव्या शतकातलं एक भांडं रोमच्या संग्रहालयात आहे. चित्रकारानं त्यावर सही केलीय. लिडॉसनं हे रंगवलं, तो गुलाम असताना. मालकाचं भांडं, मालकाची भट्टी, मालकाचा नफा. त्यात ह्या माणसानं आपलं नाव आणि आपली अवस्था दोन्ही कोरून ठेवलं. ग्रीक कलेतलं आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे वाटतं.

०००

तेव्हा मित्रांनो, कुणी ग्रीकांचा धाक घालायला आला तर दबू नका आणि ग्रीक टाकूनही देऊ नका. इंग्रजी स्कूल शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'स्खोले' आहे, त्याचा अर्थ फुरसत. ती फुरसत कुणाच्या घामाची, हे विचारायचा हक्क आपला. पुस्तक उघडा, दुसरा सर्ग काढा. फौज हसत असते तिथं थांबा. तुम्ही त्या मैदानात आहात असं समजा आणि स्वतःला विचारा, आपण हसतोय की त्या लंगड्याच्या शेजारी जाऊन बसतोय?

ॲगॅमेम्नॉन उत्तर न देता सुटला. लाठी ओडिसियसनं चालवली, हसायचं काम फौजेनं केलं. पण थर्सायटीसचा सवाल मार खाऊनही खोटा ठरला नाही. तो मैदानात तसाच पडून आहे. उचला.